‘९९.९ टक्के निर्जंतुक’ : स्वस्त जंबुपार उपकरणांच्या दाव्यांची एक चिकित्सा

१. विषयप्रवेश

२०२० सालच्या महासाथीपासून आपल्या बाजारात जंबुपार किरणांची लहान घरगुती उपकरणे विपुल प्रमाणात दिसू लागली. हातात धरून फिरवावयाची कांडी, भ्रमणध्वनी ठेवावयाची डबी, दात घासावयाच्या ब्रशांची पेटी, खोलीत लावावयाचा दिवा असे त्यांचे नाना प्रकार आहेत. काही शे रुपयांपासून ती मिळतात आणि त्यांच्या वेष्टनावर एक वाक्य बहुधा ठरलेले असते : ‘९९.९ टक्के जंतू नष्ट करते.’ महासाथ ओसरली, तरी ही उपकरणे बाजारातून गेलेली नाहीत. वसतिगृहातील विद्यार्थी ती विकत घेतात. ध्वनिविज्ञानाच्या प्रयोगशाळेत एकच कर्णसंच व एकच ध्वनिग्राहक अनेकांनी वापरावयाचा असतो. तेथेही असे एखादे उपकरण घ्यावे, अशी सूचना अधूनमधून होते.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने या विषयात का पडावे, असा आक्षेप येणे शक्य आहे. त्याचे उत्तर सोपे आहे. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, ते मेल्याचे दिसत नाही, आणि त्यांना मारणारा किरणही दिसत नाही. खरेदी करणाऱ्याच्या हाती तपासण्यासारखे असते ते केवळ एक वाक्य. तेव्हा त्या वाक्याचा अर्थ काय, तो पूर्ण आहे काय, आणि नसल्यास त्यात कशाची उणीव आहे, हे पाहणे आपल्या शास्त्राच्या कक्षेबाहेरचे नाही. अर्थात वाक्याची परीक्षा करावयाची, तर ज्या वस्तूविषयी ते बोलते तिचीही थोडी माहिती हवी. प्रस्तुत लेखात या दोन्ही गोष्टी बरोबरच घेतल्या आहेत.

२. तीन शब्द

प्रथम किरणांचे नाव. शालेय पुस्तकांत ‘अतिनील’ हा शब्द रूढ आहे. मराठी विश्वकोशाने ‘जंबुपार’ हा शब्द वापरला आहे. ‘जंबुपार’ म्हणजे जांभळ्याच्या पलीकडचे. १८०१ साली योहान रिटर यांना असे आढळले की, वर्णपटाच्या जांभळ्या टोकापलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तेथे ठेवलेला रजतक्षाराचा कागद अधिक त्वरेने काळवंडतो. ‘पार’ या पदात हा इतिहास अचूक सामावलेला आहे. जे जांभळ्याच्या पार आहे ते जांभळे नव्हे; ते अदृश्य आहे. स्वस्त कांडी पेटविली असता जो मोहक जांभळा प्रकाश दिसतो, तो या कारणाने जंतुनाशाचा पुरावा ठरत नाही. पाऱ्याच्या जंतुनाशक दिव्यातूनही थोडा निळसर प्रकाश बाहेर पडतो, परंतु काम करणारा किरण तो नव्हे.

दुसरा शब्द ‘जंतू’. जुन्या भाषेत जंतू म्हणजे केवळ जन्मलेला जीव. ‘जीवजंतू’ या जोडशब्दात तो अर्थ टिकून आहे, आणि पोटातल्या कृमींना आपण ‘जंत’ म्हणतो ते याच शब्दाचे तद्भव रूप. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रसाराबरोबर ‘रोगजंतू’ या अर्थाने तो शब्द संकुचित झाला. शास्त्रीय परिभाषेने पुढे जीवाणू, विषाणू, कवक, बीजाणू असे भेद केले; बोलीत मात्र या सर्वांवर ‘जंतू’ हे एकच आवरण राहिले. हे भेद किती महत्त्वाचे आहेत ते पुढे दिसेल.

तिसरा शब्द ‘निर्जंतुक’. इंग्रजी परिभाषेत स्टरिलायझेशन, डिसइन्फेक्शन आणि सॅनिटायझेशन या तीन पायऱ्या आहेत. पहिलीत बीजाणूंसह सर्व सूक्ष्मजीवांचा नाश अभिप्रेत असतो. दुसरीत रोगकारक जंतूंचा बहुतांश नाश. तिसरीत त्यांची संख्या सुरक्षित मानलेल्या पातळीपर्यंत उतरविणे. मराठी व्यवहारात या तिन्हींसाठी ‘निर्जंतुक करणे’ हा एकच प्रयोग चालतो. शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक, पुसलेली फरशीही निर्जंतुक आणि कांडी फिरविलेला भ्रमणध्वनीही निर्जंतुक. विक्रेत्याला हे फार सोयीचे आहे, कारण तिसऱ्या पायरीवरची वस्तू पहिल्या पायरीचा मान घेऊन बसते. शिवाय ‘निर्जंतुक’ हे विशेषण तरतमभाव न मानणाऱ्या वर्गातले आहे. ‘९९.९ टक्के निपुत्रिक’ असे आपण म्हणत नाही, मग ‘९९.९ टक्के निर्जंतुक’ हे तरी कसे म्हणता येईल?

३. किरणांचे कार्य आणि ‘मात्रा’

किरण जंतू मारतात ही गोष्ट मुळात खरी आहे, आणि तिला दीर्घ इतिहास आहे. सूर्यप्रकाशाने जीवाणूंची वाढ थांबते, हे डाउन्स आणि ब्लंट या इंग्रज संशोधकांनी १८७७ साली दाखविले. प्रकाशाने त्वचेच्या क्षयावर उपचार करणाऱ्या नील्स फिन्सन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९१० साली फ्रान्समधील मार्सेय येथे पिण्याच्या पाण्यावर जंबुपार दिव्यांचा प्रयोग झाला. क्षयरोगाचा प्रसार रोखण्यासाठी खोलीच्या वरच्या भागातील हवेवर असे किरण टाकण्याची सशर्त शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालच्या मार्गदर्शिकेत केली आहे. तेव्हा प्रस्तुत वाद किरणांच्या सामर्थ्याविषयी नसून ते किती आणि कोठे पोहोचते याविषयी आहे.

जंबुपार किरणांचे तरंगलांबीवरून तीन पट्टे मानतात : ‘ए’ (३१५ ते ४०० नॅनोमीटर), ‘बी’ (२८० ते ३१५) आणि ‘सी’ (१०० ते २८०). जंतुनाशाचे काम मुख्यतः ‘सी’ पट्ट्याचे असून २६५ नॅनोमीटरच्या आसपास त्याचा प्रभाव सर्वाधिक असतो; पाऱ्याच्या दिव्याचा २५४ नॅनोमीटरचा किरण त्याला पुष्कळ जवळचा आहे. जंतूच्या आनुवंशिक द्रव्यात हा किरण शोषला जातो व तेथील शेजारची दोन घटके परस्परांना चिकटतात. पोथीची नक्कल करणाऱ्या लेखनिकासमोर दोन अक्षरे एकमेकांत मिसळून गेली, तर तो जसा अडतो, तसे हे होते. नक्कल थांबते आणि जंतूचा वंश खुंटतो. सूर्याचा ‘सी’ पट्टा वातावरणातच शोषला जातो, तो पृथ्वीतलावर पोहोचत नाही. आपण गादीला ऊन दाखवितो तेव्हा जे घडते ते इतर किरण, उष्णता आणि कोरडेपणा यांमुळे, आणि त्याला काही तास लागतात. ‘सूर्याची शक्ती तुमच्या हातात’ अशा प्रकारची जाहिरात त्यामुळे दोन भिन्न गोष्टींची गल्लत करते. अनेक स्वस्त कांड्यांत तर ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचे, नोटा पारखण्याच्या दिव्यांत असतात तशा जातीचे एल.ई.डी. बसविलेले असतात. त्यांच्या प्रकाशात नोटेवरचे धागे चमकतात हे खरे. परंतु जंतुनाशाच्या दृष्टीने तो किरण फारच दुर्बल आहे.

आता सर्वांत महत्त्वाची कल्पना, ती ‘मात्रा’. वैद्याच्या औषधाप्रमाणे किरणांचीही मात्रा असते. तीव्रता गुणिले वेळ म्हणजे मात्रा. ती मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर या एककात मोजतात. ही मात्रा जंतूगणिक बदलते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पिण्याच्या पाण्यासाठी २००६ साली केलेल्या नियमांत ९९.९९ टक्के नाशासाठी क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीला २२, तर विषाणूंना १८६ मिलिज्यूल अशी मात्रा धरली आहे. विषाणूंचा आकडा त्यांतील चिवट अशा अ‍ॅडिनोविषाणूवरून ठरविलेला आहे. टक्केवारी तीच, परंतु मात्रा साडेआठ पटींनी निराळी. उलट करोना विषाणू या किरणांपुढे तुलनेने दुबळा आहे. थोड्या मिलिज्यूलांत त्याचा बहुतांश नाश होतो. म्हणून ‘९९.९ टक्के जंतू’ या पदसमूहात ‘जंतू’ शब्दाचा अर्थ न सांगता टक्केवारी सांगणे म्हणजे भाजीचे नाव न सांगता भाव सांगण्यासारखे आहे.

४. टक्केवारीचे गणित

९९.९ हा आकडा ऐकताच मनावर ‘जवळजवळ शंभर’ असा ठसा उमटतो. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मात्र उरलेल्यांची मोजदाद करतात. एखाद्या वस्तूवर दहा लक्ष जीवाणू असले, तर ९० टक्के नाशानंतर एक लक्ष उरतात, ९९ टक्क्यांनंतर दहा हजार आणि ९९.९ टक्क्यांनंतर एक हजार. ओलावा, अन्न व ऊब यांची अनुकूलता मिळाल्यास काही जीवाणू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतात. त्या हिशेबाने एक हजारांचे पुन्हा दहा लक्ष होण्यास दहा दुपटी, म्हणजे सुमारे साडेतीन तास पुरतात. (विषाणू निर्जीव पृष्ठभागावर वाढत नाहीत, हे येथे ध्यानात ठेवावे.) ९९.९ ही वाईट कामगिरी आहे, असे यावरून म्हणावयाचे नाही. ती एका विशिष्ट जंतूवर, विशिष्ट अंतरावरून, विशिष्ट वेळात, सपाट व स्वच्छ पृष्ठभागावर प्रयोगशाळेत मिळालेली कामगिरी असते, एवढेच. पृष्ठभाग खरखरीत झाला, त्यावर धूळ वा तेलकटपणा आला, की किरण अडतो. सावलीत तो शिरत नाही. भ्रमणध्वनीच्या आवरणाची खाच किंवा कळफलकाच्या दोन कळांमधील फट ही जंतूच्या दृष्टीने भक्कम तटबंदीच होय.

५. उघडी कांडी : उपयुक्त की निरुपद्रवी?

एक हिशेब करून पाहू. समजा, एखादी कांडी खरोखरच ‘सी’ पट्ट्याची असून एका इंचावरून ती १ मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर एवढी तीव्रता देते, आणि आपल्याला १० मिलिज्यूलची मात्रा हवी आहे. याचा अर्थ, प्रत्येक जागी कांडी दहा सेकंद स्थिर धरली पाहिजे. एका वेळी वीस चौरस सेंटिमीटर जागा उजळत असेल, तर साठ सेंटिमीटर रुंद व नव्वद सेंटिमीटर लांब अशा अभ्यासाच्या टेबलासाठी २७० वेळा जागा बदलावी लागेल. एकूण वेळ पंचेचाळीस मिनिटे. कांडी दूर धरल्याने हा वेळ वाचत नाही. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की तीव्रता सुमारे चौथाई होते. प्रकाश अधिक जागेवर पसरतो खरा, पण प्रत्येक जागी चौपट थांबावे लागते. जाहिरातीच्या चित्रात मात्र कांडी झाडूसारखी झरझर फिरविलेली दिसते. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने तेच टेबल एका मिनिटात पुसून होते, आणि फडके मळही काढते. किरण तो काढत नाही.

याहून गंभीर मुद्दा सुरक्षिततेचा आहे. अनायनकारी प्रारणापासून संरक्षणासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २५४ नॅनोमीटरच्या किरणांसाठी उघडे डोळे व त्वचा यांची आठ तासांतील मर्यादा ६ मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर इतकी ठेवली आहे. म्हणजे आपल्या हिशेबातील कांडी तेवढ्याच अंतरावरून सहा सेकंदांत दिवसभराची मर्यादा ओलांडते. जंतू मारण्यास लागणारी मात्रा आणि मनुष्याला सहन होणारी मात्रा या दोन्ही एकाच पायरीवरच्या आहेत. त्यातून एक द्विधा उत्पन्न होते : उघडी कांडी प्रभावी असेल तर ती वापरणाऱ्याला धोकादायक आहे, आणि ती मुळीच धोकादायक नसेल तर तिचा प्रभाव संशयास्पद आहे. ‘प्रभावी आणि संपूर्ण सुरक्षित’ ही जोडी, जी वेष्टनावर बहुधा शेजारी शेजारी छापलेली असते, ती या जातीच्या उपकरणांत एकत्र नांदू शकत नाही. (२२२ नॅनोमीटरच्या किरणांची मर्यादा अधिक सैल आहे व त्यांवर संशोधन चालू आहे, परंतु ते दिवे स्वस्त कांडीत नसतात.)

ही भीती केवळ तर्काची नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२२ मध्ये काही कांड्या वापरू नयेत असा इशारा दिला. त्यांतील काही उपकरणे सुमारे दोन इंचांवरून वरील आयोगाच्या मर्यादेच्या ३,००० पटींपर्यंत किरण सोडतात, असे त्या प्रशासनाने नमूद केले होते. अशा किरणांची इजा तत्काळ जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी येते, त्वचा लालसर होते. हात किंवा त्वचेचा अन्य भाग निर्जंतुक करण्यासाठी जंबुपार दिवा वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने महासाथीच्या काळातच सांगितले आहे. काही दिवे १८५ नॅनोमीटरचा किरणही सोडतात. त्यामुळे हवेत ओझोन तयार होऊन श्वसनमार्गाचा दाह होतो. पाऱ्याचा दिवा फुटला तर पाऱ्याचा उपद्रव निराळा.

६. जेथे किरण खरोखर उपयोगी पडतात

किरण पेटीत बंद केले की वरील द्विधा सुटते. बंदिस्त जागेत मनुष्य नसतो, अंतर ठरलेले असते, वेळ ठरलेली असते. मुंबईतील घराघरांत याचे उदाहरण आहे. १९८४ साली बाजारात आलेल्या अ‍ॅक्वागार्डसारख्या जलशुद्धी यंत्रांत पाणी बंद नळकांड्यातून ठराविक गतीने दिव्याभोवती वाहते. पाण्याचा थर पातळ असतो. येथेही अटी आहेतच. पाणी स्वच्छ हवे. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात गाळाचे कण जंतूंना सावली देतात, म्हणून दिव्याच्या आधी गाळणी लागते. दिवा जुना झाला की पेटलेला दिसला तरी त्याचा अदृश्य किरण क्षीण होतो, म्हणून तो मुदतीत बदलावा लागतो. शिवाय किरणांचा प्रभाव मागे उरत नाही. भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात पालिका पाण्यात क्लोरीन घालते ते जलवाहिनीत व इमारतीच्या टाकीत पुढेही काम करीत राहते. किरणांनी शुद्ध केलेले पाणी मळक्या भांड्यात ओतले की ते पुन्हा दूषित होते.

महासाथीच्या आरंभी आपल्याच परिसरात झालेले प्रयत्नही याच दिशेचे होते. पवईच्या आय.आय.टी.मध्ये पाकिटे व तत्सम लहान वस्तूंसाठी जे नमुनादाखल उपकरण तयार झाले ते स्वयंपाकघरातील पोलादी डबा आणि अ‍ॅल्युमिनियमची जाळी यांचे होते. डबा झाकलेला राहतो, हा त्यातला मर्माचा भाग. मुंबईच्या नौदल गोदीने मे २०२० मध्ये हत्यारे व कपडे यांसाठी एका मोठ्या खोलीचाच जंबुपार कक्ष केला, आणि त्याविषयीच्या निवेदनात १ ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर व किमान १ मिनिट असे आकडे दिले. संरक्षण संशोधन व विकास संघटनेने त्याच महिन्यात जाहीर केलेल्या मनोऱ्यात ४३ वॅटचे सहा दिवे होते, सुमारे बारा फूट लांबी-रुंदीच्या खोलीस दहा मिनिटे लागत, आणि खोलीत माणूस शिरल्यास यंत्र आपोआप बंद पडे. या निवेदनांची वाक्यरचना पाहावी : किरण कोणता, जागा किती, वेळ किती, मनुष्य कोठे, यांपैकी काही ना काही तपासण्याजोगे त्यांत सांगितलेले आहे. स्वस्त कांडीच्या वेष्टनावर नेमके हेच नसते.

७. वेष्टनावरील वाक्याची परीक्षा

आपल्या व्याकरणपरंपरेने क्रियेशी निगडित पदांचा विचार कारकांच्या रूपाने केला आहे. ‘नष्ट करते’ या क्रियेची कारके मागून पाहिली की दाव्याचे पोकळपण उघड होते. कर्म कोणते? जीवाणू, विषाणू की बीजाणू, आणि त्यांतला कोणता? करण कोणते? किती नॅनोमीटरचा किरण, किती मात्रेने? अधिकरण कोणते? कोणत्या पृष्ठभागावर, किती अंतरावर, किती वेळात? या प्रश्नांची उत्तरे नसतील, तर वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असूनही ज्ञानदृष्ट्या अपुरे आहे.

वेष्टनावरील आणखी तीन प्रयोगांकडे लक्ष द्यावे. ‘९९.९ टक्क्यांपर्यंत’ यातील ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय केवळ वरची सीमा सांगते. चाळीस टक्के जंतू मेले तरी विधान खोटे ठरत नाही. ‘नष्ट करण्यास मदत करते’ यात मुख्य क्रियेचे उत्तरदायित्व अन्य कोणावर तरी ढकललेले असते, आणि तो अन्य कोण हे सांगितलेले नसते. ‘प्रयोगशाळेत सिद्ध झालेले’ यात कर्ता लुप्त असतो. कोणी सिद्ध केले, कोणत्या प्रयोगशाळेत, हे विचारण्याची जागाच वाक्यरचनेने पुसून टाकलेली असते. खोटे न बोलता चुकीचा समज करून देण्याचे हे मार्ग आहेत. कायद्यालाही याची जाण आहे : २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची जी व्याख्या आहे तीत महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविणे याचाही समावेश केलेला आहे.

८. निष्कर्ष

तेव्हा ही उपकरणे घ्यावीत काय? उघडी, हातात फिरवावयाची स्वस्त कांडी घेऊ नये. बंद पेटी घ्यावयाची असल्यास तिची तरंगलांबी २५० ते २८० नॅनोमीटरच्या दरम्यान असल्याचे लिहिलेले असावे, मात्रा व वेळ दिलेली असावी, चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेचे नाव असावे आणि झाकण उघडताच दिवा विझावा. यांपैकी एकही गोष्ट नसल्यास ती पेटी म्हणजे दिवा लावलेला डबा होय. शिवाय तिची निकड किती, हाही विचार करावा. पृष्ठभागाला एकदा स्पर्श झाल्याने करोना विषाणूची बाधा होण्याची शक्यता सामान्यतः दहा हजारांत एकाहून कमी असल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले होते. त्या रोगापुरता तरी खरा भर खेळत्या हवेवर द्यावयास हवा.

आपल्या प्रयोगशाळेपुरते सांगावयाचे तर ध्वनिग्राहकावरील स्पंजात किरण शिरत नाहीत, आणि वारंवारच्या किरणांनी तो स्पंज व कर्णसंचाचे प्लास्टिक ठिसूळ होते. प्रत्येक वक्त्यासाठी निराळे वा धुतलेले स्पंजाचे आवरण वापरावे. कर्णसंचाची गादी सत्तर टक्के अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने, निर्मात्याच्या सूचना पाहून, पुसावी. क्षेत्रकार्यात साबण बरोबर असावा. ग्रंथांना हे किरण कदापि दाखवू नयेत. मिटलेल्या पुस्तकाच्या आतल्या पानांवर ते पोहोचत नाहीत, आणि ज्या पानांवर पोहोचतात तो कागद पिवळा करून त्याचे आयुष्य कमी करतात. हस्तलिखितांच्या बाबतीत तर ही हानी भरून येण्यासारखी नाही.

साबणाच्या वडीवर इतके मोठे आकडे असोत वा नसोत, तिचे काम हाताला कळते : मळ निघतो, आणि करोनासारख्या विषाणूंचे स्निग्ध आवरण त्यातच फुटते. अदृश्य किरणांचे तसे नाही. जेथे इंद्रिये साक्ष देऊ शकत नाहीत, तेथे शब्दांची साक्ष काटेकोर असली पाहिजे. आणि ती तशी नसेल, तर पैसे खिशातच ठेवणे श्रेयस्कर.